नाव

माझं काम शाई घोटायचं.
परिषदेत बोलायचं नाही, खोकायचंही नाही;
हिवाळ्यात ढास लागली तर बाही तोंडात धरायची.
मी हितोनारि, आतोंच्या घरातला,
दाइजोकानचा नकलनवीस, खालून दुसरा.

सर्वांत वरची जागा रिकामी असते.
कायद्यातच लिहून ठेवलंय:
लायक माणूस नसेल तर भरू नये.
तरी रोज सकाळी तिथली चटई मी झटकतो.
धूळ कुणाच्या हुकमाने बसते, कुणास ठाऊक.
डावा मंत्री तिच्याकडे बघत नाही.
उजवा मंत्री डाव्याकडे बघतो.

त्या दिवशी उत्तरेकडून अर्ज आला.
सत्तावीस दिवसांची वाट,
कागदाला अजून घोड्याच्या घामाचा वास.
सुगेनो घाटावर एकच नाव आहे.
कराचं कापड वाहणारे हमाल
पलीकडे तीन-तीन दिवस ताटकळतात,
शिदोरी संपते, मग रात्री पोहून बघतात.
मागच्या चौथ्या महिन्यात पाच बुडाले.
आणखी एक नाव मिळावी.
एवढंच.

इथली रीत अशी, की धाकट्याने आधी बोलायचं,
थोरांचं ऐकून त्याची जीभ वळू नये म्हणून.
ताजिहींचा कियोत्सुगु, परिषदेतला पहिलाच हिवाळा,
कान लालबुंद; म्हणाला, "दोन द्याव्यात."
शेगडीत कोळसा तडकला.
त्याच्या वरचा म्हणाला, एक पुरे.
त्याच्या वरचा म्हणाला, एक, पण लाकूड कुणाचं?
त्याच्या वरचा म्हणाला, जुना दाखला काढा.
उरलेल्यांनी मम म्हटलं.

दप्तरखान्यात उंदीर आणि मी.
दिव्याला दोन्ही हातांचा आडोसा करून
तिसऱ्या रात्री सापडला कागद:
साठ वर्षांपूर्वीचा, तोच घाट, तीच विनंती,
शब्दही जवळजवळ तेच,
फक्त बुडालेले दोन.
खाली शेरा: विचार व्हावा.
थोर मंडळी खूश झाली.
दाखला मिळाला होता, विचार करण्याचा.
घोंगडं पुन्हा भिजत पडलं.

प्लमची फुलं आली, गेली.
कियोत्सुगु आता आधी वर बघतो, मग बोलतो.
पावसाळा उलटल्यावर एकदाचं ठरलं: एक.
कच्चा मसुदा सायप्रसच्या पट्टीवर माझ्याकडे आला.

आमच्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ.
दोन म्हणजे दोन.
पक्क्या प्रतीत अवघड अंक लिहितात,
कुणी हात चालवू नये म्हणून;
पण पट्टीवर मात्र ती एकटीच पडलेली,
पाण्यात आडवं पडलेलं काहीतरी असावं तशी.

चूक असेल तर चाकूने पट्टी तासतो आम्ही.
अक्षरं ढलप्या होऊन गटारात जातात.
त्या दिवशी मी तासलं नाही.

वडील लेखनिकाने पट्टी हातात घेतली,
उजेडात धरली, पुष्कळ वेळ धरली.
त्याचं गाव कुठलं, मी कधी विचारलं नव्हतं.
"शाई नीट वाळली का?" म्हणाला.
म्हटलं, वाळली.
मग पक्की प्रत, मग चार बोटं रुंद लाल शिक्का,
अंकावरूनच उमटवलेला.

खाली माझं नाव नाही.
वर आहे ती दुसरी नाव.

त्याला आता अकरा वर्षं झाली.
सुगेनो घाटावरून पुन्हा अर्ज आला नाही.
नावा पोचल्या म्हणून,
की नदीनेच पात्र बदललं,
की लिहिता येणारा तिथला माणूसच
एका रात्री पोहायला उतरला, कळत नाही.
उत्तरेचा घोडा आला की मी अजून कागद हुंगतो.

आज बर्फ पडलंय.
वरची चटई ओली झाली होती कडेने.
झटकून उलटी घातली.